कढीपत्त्यावरचं फुलपाखरू

माझ्या फजितीचा हा प्रसंग मल्लेश्वरममध्ये आजही कुणी ना कुणी रंगवून सांगत असेल. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका, म्हणजे निदान खरा तरी कळेल.

पंचावन्न-छप्पनच्या सुमाराची गोष्ट. बेळगाव सोडून मी नोकरीसाठी बंगळूरला आलो होतो. मल्लेश्वरममध्ये एका मराठी घरात आम्ही नवराबायको मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मराठी म्हणजे, त्यांच्या पणजोबांच्याही आधीपासून ते घराणं इथलंच. त्यामुळे घरमालकीण अक्का बोलायच्या मराठी, पण त्यात अर्धी कन्नड कधी मिसळायची ते त्यांनाही कळायचं नाही. मला त्या अण्णा म्हणायच्या. वयानं माझ्या आईएवढ्या, तरी अण्णाच.

मागच्या अंगणात त्यांचं कढीपत्त्याचं झाड होतं. एका सकाळी दात घासताना मला त्याच्या पानावर चिमणीची शीट दिसली. पाहतो तर ती शीट चालत होती.

आता तुम्हीच सांगा, शीट चालायला लागल्यावर माणूस ऑफिसला वेळेवर जाईल का?

मी भिंग आणलं. ती अळी होती. पुढे ती कात टाकून हिरवीगार, चांगली करंगळीएवढी झाली. काडीनं डिवचलं की डोक्यातून दोन लाल शिंगं काढायची आणि असा उग्र वास सोडायची की मीच मागे सरकायचो. लायब्ररीत जाऊन पुस्तक पाहिलं. ही अळी कोष करणार आणि त्यातून फुलपाखरू निघणार. मी इतका हरखलो की बायकोला, सुमतीला, स्वयंपाकघरातून ओढत आणून शिंगं दाखवली. ती म्हणाली, "छान आहेत. भात करपतोय."

अडचण एकच. अक्कांना रोज सारासाठी कढीपत्ता लागायचा.

"अक्का, या फांदीला हात लावू नका. इथं फुलपाखरू व्हायचंय."

"अण्णा, ते हुळा आहे. किडा. सगळं झाड खाऊन टाकील. मी राख टाकते."

"थोडे दिवस थांबा. फुलपाखरू नाही निघालं तर राख टाका, झाड तोडा, मला घराबाहेर काढा."

"सरी, चालेल," अक्का म्हणाल्या. शेवटच्या अटीवर त्यांचा चेहरा जरा खुलला, असं मला वाटलं.

मग एक दिवस अळी नाहीशी झाली. मी फांदी न् फांदी शोधली आणि एका काटकीवर टोकदार, वळलेलं, हिरवट-तपकिरी काहीतरी लटकलेलं सापडलं. कोष! मी तिथंच स्टूल टाकलं. सकाळ-संध्याकाळ त्यासमोर बसायचो. ते दिवसेंदिवस जास्त तपकिरी व्हायला लागलं, तसं मी "पिकतोय, पिकतोय" असं सांगत सुटलो. शेजारचे निवृत्त मास्तर रोज कुंपणावरून चौकशी करायचे. एका रविवारी मी जाहीर करून टाकलं की आज सकाळी फुलपाखरू निघणार. कशावरून, ते विचारू नका. तज्ज्ञ माणसाला आतून कळतं.

मास्तर आले, त्यांच्या घरची मंडळी आली, अक्का खुर्ची घेऊन आल्या. श्रावणातला गारवा होता आणि चारचौघांसमोर बोलायचं होतं, म्हणून मी मागच्या व्हरांड्यातल्या दोरीवरचा काळा कोट अंगात चढवला, सगळ्यांकडे पाठ करून स्टुलावर बसलो आणि फांदीकडे बोट दाखवून व्याख्यान सुरू केलं.

थोड्या वेळानं मागची कुजबुज थांबली. माणसं उठून माझ्या अगदी पाठीशी येऊन उभी राहिली. मला धन्य वाटलं.

"हलू नका, अण्णा," अक्का हळूच म्हणाल्या. "स्वल्पही हलू नका."

"डोकं बाहेर आलं," मास्तर पुटपुटले.

मी डोळे ताणले. मला काहीच दिसेना. चष्म्याचा नंबर वाढला असणार. पण सगळ्यांना दिसतंय आणि तज्ज्ञाला दिसत नाही, हे कसं सांगायचं?

"आलं," मी म्हटलं. "आता पाय निघतील."

"निघाले."

"पंख आधी चुरगळलेले असतील."

"अगदी तसेच आहेत हो," मास्तर म्हणाले. "ओल्या रुमालासारखे."

माझा हुरूप वाढला. पुस्तकातली चित्रं आठवत मी पुढचं पुढचं सांगत गेलो आणि मागून प्रत्येक गोष्टीला होकार येत गेला. समोर मात्र ते तपकिरी जसंच्या तसं.

"आता पंख पसरले की निळे ठिपके बघा," मी म्हटलं.

"पिवळे आहेत," अक्का म्हणाल्या.

"निळे, अक्का. मी तुमच्यापेक्षा जवळ आहे."

"जवळ आहात, खरं. पण पिवळेच आहेत."

"उन्हाच्या तिरिपेनं तसं वाटतं," असं मी त्यांना समजावत होतो, तेवढ्यात सगळे एकदम "गेलं, गेलं" म्हणाले.

"अजून कुठं?" मी फांदीवरची नजर न काढता म्हटलं. "पंख वाळायला वेळ लागतो. सगळ्यांनी धीर धरा."

मग सुमती पुढे आली, माझा कोट उतरवला आणि त्याची पाठ माझ्यासमोर धरली. कॉलरच्या खाली, बरोबर मधोमध, रिकामा फाटका कोष चिकटलेला होता. गेले कितीतरी दिवस कोट झाडाशेजारच्या त्या दोरीवर हवेला टांगलेला होता.

अक्कांनी हात पुढे करून फांदीवरचं ते तपकिरी चिमटीत धरलं. वाळलेलं पान होतं. त्याचा चुरा झाला.

हसणं ओसरल्यावर मास्तर माझ्याजवळ आले. भाबडा माणूस. ते अगदी मनापासून म्हणाले, "देसाई, रंग तेवढा चुकला, बाकी सगळं तंतोतंत सांगितलंत. पण पाठीवरचं तुम्हाला दिसत कसं होतं?"

मी कोटाची घडी घातली आणि म्हटलं, "अनुभवानं."