गुरुजी मध्येच थांबले

क्लॅम्प लावून मिनिटही झालं नव्हतं आणि गुरुजी बोलायचे थांबले. त्यांच्या मानेचं ऑपरेशन मी करत होतो.

गुरुजी लोणारजवळच्या एका गावातले निवृत्त शिक्षक. गावच्या बुद्धविहारात वंदना तेच घेतात. आठवड्यापूर्वी वंदना घेतानाच त्यांची वाचा गेली आणि दहा मिनिटांत परत आली. त्यांना वाटलं, मिटलं. बायकोनं मात्र हट्टानं बुलढाण्याला माझ्याकडे आणलं. तपासणीत दिसलं, की मानेतली डावी कॅरोटिड, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी, चरबीच्या थरानं बुजत आली आहे. थराचा तुकडा सुटून वर गेला, तर वाचा कायमची जाणार. थर ऑपरेशन करून काढायला हवा होता.

"इथं कोनाकोनाचं केलं तुमी? कसे हायेत ते?" गुरुजींनी विचारलं. शिक्षकच ते, निकाल विचारणारच.

"बोटांवर मोजण्याइतकीच केली. बहुतेक पेशंट हिंडूनफिरून आहेत. एका बाईंचा हात मात्र ऑपरेशनातच लुळा पडला."

"मंग नागपूरले नेऊ यायले," बायको म्हणाली.

"काऊन? ज्यानं बिघडलेलंबी सांगतलं, त्याच्याच हातानं करू."

त्या वाक्यानं मला बरंही वाटलं आणि भीतीही.

हे ऑपरेशन आम्ही फक्त मान बधिर करून करतो. पेशंट जागा असतो. थर काढेपर्यंत रक्तवाहिनी क्लॅम्पनं, म्हणजे चिमट्यानं, बंद ठेवावी लागते. तेवढा वेळ मेंदूला बाकीच्या रक्तवाहिन्यांवर भागवावं लागतं. भागतंय का, हे कळावं म्हणून पेशंटला बोलतं ठेवायचं आणि विरुद्ध बाजूच्या हातानं सिस्टरचा हात दाबायला लावायचं. बोलणं थांबलं तर शंट घालायचा. शंट म्हणजे रक्त पुढे नेणारी तात्पुरती नळी. पण ती घालतानाही तुकडा सुटू शकतो, म्हणून उगाच घालत नाहीत.

क्लॅम्प लावला आणि म्हटलं, "गुरुजी, पाठ असलेलं काहीही म्हणत राहा."

त्यांनी वंदनेतलं त्रिशरण सुरू केलं. एक ओळ म्हटली आणि गप्प.

"शंट द्या!" मी ओरडलो. त्यांना हाक मारायचंही सुचलं नाही.

"थांबा सर," त्यांचा उजवा हात धरून बसलेली सिस्टर म्हणाली, "हात दाबून राह्यले ते." आणि तिनं गुरुजींची ओळ जशीच्या तशी म्हटली.

गुरुजींनी लगेच पुढची ओळ घेतली आणि पुन्हा थांबले.

"वंदना घेणारा एक ओळ म्हनते न् थांबते, सर. बाकीच्याइनं म्हटली का मंग पुढची. आपनच गप बसलो."

मग भूलतज्ज्ञ म्हणू लागले. मीही म्हणू लागलो. शंट न घालता थर निघाला.

महिन्यानं गुरुजी ओपीडीत आले. "जय भीम, डॉक्टर!" आवाज खणखणीत. मीही हात जोडून जय भीम म्हटलं. तर म्हणतात, "तुमचं पाठांतर कच्चं हाय. तिसऱ्या ओळीले अडखळले होते."

अडखळलो होतो खरा. त्यांचे रिपोर्ट मी चारदा वाचले होते. ते काय म्हणणार आणि कसं, हे एकदाही विचारलं नव्हतं. आता ऑपरेशनआधी पेशंटला विचारतो, काय म्हणणार? आणि सोबत म्हणायला कोण लागतं?