लाल स्टिकर आणि निळा मासा

आमच्या घरातला मासा मी रिजेक्ट केला. रीतसर, स्टिकर लावून.

मी महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. अठरा वर्षं एकच काम: हिरवा स्टिकर म्हणजे पास, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे काढून टाका. ही शिस्त मी घरातही आणली. (बायकोने हात जोडले होते. पण ऐकेन तो मी कसला!) आईला मात्र ती पद्धत फार आवडली. लाल स्टिकर दिसला की वस्तू घराबाहेर, विचारणं नाही.

आणि मग माझी मुलगी सई शाळेच्या तीन दिवसांच्या सहलीला गेली. तिचा लाडका निळा बेट्टा मासा माझ्या गळ्यात!

"बाबा, त्याला काही झालं ना, तर मी तुझ्याशी कध्धीच बोलणार नाही," असा दम देऊन गेली.

दुसऱ्या संध्याकाळी बघतो तर मासा टम्म फुगून तळाला पडलेला! लगेच रहाटणीतल्या ॲक्वेरियमवाल्याला फोन लावला.

"खायला किती घालता?"

"सकाळ-संध्याकाळ एकेक चमचा."

"चमचा?" तो ओरडलाच. "अहो राव, दोन-तीन दाणे घालायचे असतात! मासा पाळलाय का म्हैस? वेगळ्या भांड्यात काढा, खाणं एकदम बंद!"

मी मासा लोणच्याच्या रिकाम्या बरणीत काढला. कुणी हात लावू नये म्हणून पिवळा स्टिकर शोधला, तर पिवळे संपलेले. मग चिकटवला लाल! (कंपनीत कुणी असं केलं असतं तर मीच त्याला मेमो दिला असता.) आणि पहाटे निवांत फर्स्ट शिफ्टला गेलो.

दुपारी घरी आलो तर बरणी ओट्यावर पालथी. स्वच्छ धुतलेली!

"आई! मासा कुठंय?"

"लाल चिठ्ठी हुती न्हवं? काढला भाईर."

"अगं, जिवंत होता तो!"

"व्हय की! म्हनून तर कचऱ्यात न्हाई टाकला. सोसायटीच्या कमळाच्या हौदात सोडला."

सईची बस पाच वाजता, आणि साडेचार वाजून गेलेले! कंपनीच्या युनिफॉर्मची पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली, चहाची गाळणी उचलली आणि घुसलो हौदात. आई काठावर उभी. "त्या पानाखाली बघ! आरं, आंधळा हायस का? उजवीकडं!" मी गाळणी टाकली की मासा दुसऱ्या पानाखाली. गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी व्हिडिओसुद्धा काढत होतं!

"बाबा?"

मागे पाठीला बॅग लावून सई उभी. मी गाळणीसकट गार! आता आयुष्यभराचा अबोला.

तिने पाण्यात बोट बुडवलं. आणि तो निळा पठ्ठ्या सुळकन तिच्या बोटापाशी आला! फूग उतरलेली, पंख पसरलेले, डासांच्या अळ्या मटकावत एकदम ठणठणीत. मला अक्षरशः रडू आलं.

हल्ली सई कुठे गेली की मासा आजीच्या ताब्यात असतो. ज्या बाईने त्याला घराबाहेर काढलं, तिच्या! मी तक्रार केली.

"बाबा," सई शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे होता तेव्हा आजारी पडला. आजीने सोडला तेव्हा बरा झाला."

ज्याच्याकडे बिघडलं, त्याचा दोष! अठरा वर्षं मी लोकांचा माल याच हिशेबाने परत पाठवतोय!