बकरीनं खाल्लेलं चौथं पान

चौकात उतरवून टाकलेलं लिंबू उचलून आणून त्याचं सरबत करणारी बाई मी. त्यामुळे या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून मला बरेचदा हसूच येतं. पण परवा माझी नात, जी घरी बसून जाहिरातींना आवाज देते, ती वैतागून म्हणाली, "आजी, या जाहिरातवाल्यानं स्क्रिप्ट पुन्हा टेबल करून पाठवली, एका रकान्यात चित्र, दुसऱ्यात बोलणं. आता हे मी वाचू कसं?" आणि मला माझी स्क्रिप्ट आठवली...

ऐंशी सालाच्या अलीकडे-पलीकडे. मी मोहाडीत नवी सून. शाळेत बाई मला धडा वाचायला उभं करत, एवढ्यावरून आपला आवाज म्हणजे साक्षात रेडिओ असा माझा समज. गोपीचंद लाऊडस्पीकरवाला नात्यानं माझा दीर. तो लोकांच्या जाहिराती टेपवर भरायचा, वाचायची मी. धानाचं बियाणं विकणारे शामरावजी बाजाराच्या दिवशी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून माहिती द्यायचे. त्याला आवाज माझा.

पहिल्या वेळी त्यांनी कागदावर मधोमध उभी रेघ मारून दिली — डावीकडे चित्र कोणतं ते, उजवीकडे बोलायचं ते. मी शहाणी, सरळ आडवं वाचत गेले. भर बाजारात माझा गोड आवाज घुमला — "चित्र दुसरं शेतकरी बंधूंनो बैल उभा आपलं उत्पन्न वाढवायचं असेल तर शेपटी पूर्ण दिसावी." आणि नुसतं वाचलं नव्हतं हो, भावना ओतून वाचलं होतं. शेपटीपाशी तर माझा गळा दाटून आला होता.

पुढे कितीतरी दिवस पोरं मला बघितलं की पाठीमागे हात नेऊन शेपटी हलवायची. सासूबाई म्हणाल्या, "लीले, एक डाव माफ. अजून हसू झालं ना, तं तो माईक गावामागच्या बोडीच्या पाण्यात बुडवीन अन् तुले चुलीपुढं बसवीन." त्या बोलल्या की करायच्या. म्हणजे माझा सगळा जीव दुसऱ्या टेपवर टांगलेला.

या वेळी शामरावजींनी सरळ लिहिलं, पण बियाण्याच्या पिशवीच्या कडक कागदावर. हात लावला की पापडासारखा वाजायचा, आणि तो आवाज टेपवर जायचा. म्हणून गोपीचंदनं आमच्या धानाच्या खोलीत दोरी बांधून पानं कपड्यांच्या चिमट्यांनी ओळीनं लटकवली. मी माईक धरून एका पानापुढून दुसऱ्यापुढे सरकायचं. मशीनची घरघर येऊ नये म्हणून टेप बाहेर ओसरीत, आणि वायरीसाठी दार उघडं. पानं मी आधी वाचली नव्हती. मोठे कलाकार आधी वाचत नाहीत असं मला वाटायचं.

तिसरं पान संपवून सरकले, तर चौथ्या चिमट्याला नुसता कोपरा. खाली पोत्यावर आमची बकरी, डोळे मिटून चघळतेय. मी तोंडावर हात दाबून उभी राहिले. थांबवायचं सुचलंच नाही. मग पाचवं वाचलं, सहावं वाचलं, बाहेर आले... आणि लाईट गेली.

"भाऊजी, तुमाले बकरी दिसली नाही का?"

"दिसली ना वयनी. माझ्या मांडीवरूनच गेली. पण टेप चालू होता, हाकलू कसा?"

"त्या पानावर का होतं?"

"मी का वाचून राहिलो होतो? मी लटकवून राहिलो होतो."

शामरावजी पडद्याचं मशीन आणायला तुमसरला गेलेले, म्हणजे त्यांना विचारायचीही सोय नाही. लाईट आली ती कार्यक्रमाच्या तोंडावर. गोपीचंद म्हणाला, "तिसरं पान संपलं का मी टेप थांबवतो, तुमी माईकवर बोला."

"काय बोलू?"

"धानाबद्दल बोला. शेपटीबद्दल नोका बोलू."

शाळेच्या खोलीत, खिडक्यांना घोंगड्या लावून अंधार केलेला. सासूबाई सगळ्यात पुढे. तिसरं पान संपलं. गोपीचंदचं बोट बटणावर, मी माईक तोंडाशी धरलेला... आणि भोंग्यातून माझाच आवाज आला —

"आता बियाणं मिठाच्या पाण्यात सोडा. वर तरंगेल ते पोचट, ते काढून टाका. खाली बसेल ते पेरा. पण आधी साध्या पाण्यानं धुऊन घ्या."

पडद्यावर बरोबर बादलीचं चित्र. ना दाटलेला गळा, ना नाटक. विहिरीवर शेजारणीला सांगावं तसं. आणि शेवटी एक स्वच्छ "में". मग पाचवं पान सुरू.

गोपीचंद कुजबुजला, "वयनी, तुमी बोलल्या का?" माझ्या हातातला माईक बंद होता.

कार्यक्रम संपल्यावर शामरावजी म्हणाले, "चौथं पान शब्दाला शब्द बरोबर. पण बकरी काहून टाकली?" आणि सासूबाई — "ते मिठाच्या पाण्याचं बरं बोललीस. बाकीच्या ठिकाणी कोणी मेल्यासारखी काहून रडून राहिली होतीस?" माईक बोडीत गेला नाही.

टेप आम्ही घरी पुन्हा लावली. आवाज होता, "में"सुद्धा होतं. गोपीचंदनं भरलं म्हणावं, तर त्याचा आवाज म्हणजे भातगिरणी. मीच वाचून विसरले म्हणावं, तर पान बकरीच्या पोटात. आणि बकरी तेव्हा ओरडली नव्हती, तिचं तोंड भरलेलं होतं. पुढे शामरावजींनी त्याच टेपवर भजनं भरली, पुरावाही गेला.

त्यानंतर काम मिळतच राहिलं. जो येई तो म्हणे, "त्या मिठाच्या पाण्यासारखं वाचून द्या." आणि मी तसं वाचायला शिकले, ते भजनांच्या आधी ती टेप पुन्हा पुन्हा ऐकून... म्हणजे मला ज्यानं शिकवलं, ते कोण?

नात म्हणाली, "आजी, पण आवाज कोणाचा होता?"

माझाच. आपला आवाज माणूस ओळखतो. फक्त तो वाचत होता तेव्हा मी तोंडावर हात दाबून उभी होते, एवढं मी शपथेवर सांगते.