माझं उरलेलं मलम

माझं तोंड आलं होतं तेव्हा भोईवाड्यातल्या डॉक्टरांनी एक मलम लिहून दिलं होतं. रात्री जेवून, चूळ भरून, जखम कोरडी करायची आणि मलमाचा पातळ थर नुसता टेकवायचा. चोळायचं नाही. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. "सात दिवस, बस. दुखणं राहिलं तर परत या. आणि हे दुसऱ्या कुणाला देऊ नका." मी मान हलवली. चार दिवसांत बरी झाले. ट्यूब अर्धी उरली.

आई लालबागला मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायची. तंबाखूची मिश्रीही लावायची दातांना, लग्नाआधीपासून. एक दिवस जेवताना तिने गाल धरला. "तिखटान तोंड इला," म्हणाली. मी बघितलं, जिभेच्या कडेला पांढुरकी जखम होती. मी माझी ट्यूब काढून दिली. कामावर जायची घाई होती. कसं लावायचं ते सगळं तिला सांगितलं, फक्त सात दिवसांचं राहून गेलं.

"बरां वाटता गो," ती आठवड्याने म्हणाली. "आणखी एक घेवन ये."

चाळीखालच्या केमिस्टला मी रिकामी ट्यूब दाखवली. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मीही विचारलं नाही. पुढे आईच जाऊन आणू लागली. ती दिवसातून चार-पाच वेळा, बोटाने खसाखसा चोळून लावायची. मला दिसत होतं. दुखायचं थांबतंय ना, मग लावू दे, असं वाटायचं. गणपती झाले, दिवाळी झाली. दिवाळीत तिने चकली तोंडात घातली आणि तशीच बाहेर काढली. तेव्हा कुठे मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी टॉर्च मारून पाहिलं. जखमेला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"किती दिवस झाले?"

"तीनेक महिने."

"आणि लावताय काय?"

मी ट्यूब पुढे केली. त्यांनी ती ओळखली.

"तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवायची असते, बाई. या मलमाने आजार झालेला नाही. पण याने सूज दबली, दुखणं दबलं आणि आत तो वाढत राहिला."

आईने मला विचारलं, "काय म्हणतत?" मी म्हटलं, "तपासणी करूया म्हणतायत."

कॅन्सरच निघाला. जिभेचा निम्मा भाग काढला.

मी केमिस्टशी भांडायला गेले. दुकानात गर्दी होती. तो शांतपणे म्हणाला, "ताई, पहिल्यांदा तुम्हीच मागितलंत ना?" मागे उभ्या बाईने मला बाजूला व्हायला सांगितलं आणि मी झाले.

आई आता घरीच असते. पेज आणि कुस्करलेला भात खाते. तिच्या आवाजाने चाळीचा अख्खा मजला जागा व्हायचा. आता शेजारणी येतात, ती बोलली की नुसत्या माना डोलावतात आणि लवकर उठतात. आईला ते कळतं. तिने मला कधी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

परवा ती मला काहीतरी सांगत होती. मला समजेना. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने हात झटकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.