बिनचष्म्याच्या दिवसांची वही

त्याच्या पेनाचं टोपण लावलेलं असायचं. आम्ही सगळा वर्ग मान खाली घालून खरडत असू आणि हा तिसऱ्या बाकावर हाताची घडी घालून, पेन वहीवर आडवं ठेवून, सरांच्या तोंडाकडे पाहत बसलेला. स्टँडवर बसलेला माणूस वारासिवनीच्या बसची वाट पाहतो, तसा.

"लिहीत का नाहीस रे?" मी कोपराने ढोसायचो.

"येऊ तर दे," तो म्हणायचा. "अजून काही आलंच नाही."

तुम्ही कॉलेजात गेला असाल तर असा एखादा तुमच्याही वर्गात असेल. नसेल तर तुमची फी पाण्यात गेली, हे मी तोंडावर सांगतो.

आमचे अर्थशास्त्राचे सर जबलपूरकडचे. चांगला माणूस. चांगल्या माणसांनीच आपलं शिक्षण बुडवलं आहे, हे माझं मत मी तेव्हाही छापलं होतं. सर खिशातून जाड काचांचा चष्मा काढत, तो नाकावर बसवत, पिवळे पडलेले कागद उलगडत आणि सुरू करत, "लिखिए. धन की परिभाषा, अल्पविराम, विभिन्न विद्वानों ने, अल्पविराम..." तास संपेपर्यंत हेच. घरी मराठी बोलणारी आम्ही पोरं, हिंदीत सांगितलेलं हिंदीत उतरवत होतो आणि दोन्ही भाषांत काही कळत नव्हतं. तोंडातून वहीत, वहीतून पेपरात, डोक्याला कायमची रजा! हे वाक्यही माझंच आहे. पुढे हँडबिलात वापरलं.

तिसऱ्या बाकावरचा हा गडी आमच्याहून मोठा होता, कारण बी. ए.ला एकदा बसून आपटला होता. त्या वर्षी त्याने सरांच्या सगळ्या नोट्स शब्दन् शब्द पाठ केल्या होत्या. पेपरात पहिलं उत्तर धाडधाड सुटलं आणि 'तदनुसार' या शब्दाशी अडलं.

"तदनुसारच्या पुढं काय आहे ते आठोच ना बापा," तो सांगायचा. "तीन घंटे तदनुसारपाशी बसून राह्यलो. शेवटी त्याच्याखाली रेघ मारली न् घरी गेलो."

तेव्हापासून टोपण लावलेलं.

आता त्याच्या बापाचं ऐका. रामपायलीच्या पुढे त्यांचं गाव, धानाची शेती, खाऊनपिऊन बरं घर. इतर बाप धमकी देतात, नापास झालास तर नांगराला जुंपीन. याच्या बापाचं उलटं होतं. "बीए झाल्याबिगर धुऱ्यावर पाय ठेवायचा नाही," असं त्याने पोराला बजावलेलं; म्हणजे शेताच्या बांधाशीही फिरकायचं नाही. घराण्यात एक तरी बीए पाहिजे होता, मग त्याने पुढे काहीही करो. आणि या पोराला जगात एकच गोष्ट करायची होती, ती म्हणजे आपल्या पाणी भरल्या बांधीत उतरून धान लावायचं. धानाच्या लावणीचे, रोवण्याचे दिवस आले की हा ओट्यावर बसून दुसऱ्यांचे हात पाहायचा. बाप समोर बसून राखण करायचा. त्यामुळे बी. ए. होणं ही त्याची घरी जायची वाट होती. यंदा आपटला असता तर आणखी एक वर्ष खोली, खानावळ आणि तदनुसार!

मला याचा संताप यायचा. मी त्याला तरुणांचं कर्तव्य, समाज, शिक्षणाचा हेतू यांवर सलग भाषण दिलं होतं. त्याने ते पूर्ण ऐकलं.

"मस्त बोलतं लीडर," तो म्हणाला. "पण मले रोवण्याले जायचं आहे."

तर त्याची वही. आमच्या वह्या विटेसारख्या जाड आणि त्याची पापडासारखी. मी एकदा ती हिसकावून वाचली. सगळी घरच्या बोलीत लिहिलेली. एका पानावर हे होतं: 'साला दोन दिवसांसाठी आला. पहिल्या दिवशी आनंद. दुसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी काहीच नाही. आठव्या दिवशी आनंद उलटा. म्हंजे सीमांत उपयोगिता.'

"हे काय?"

"सरचा साला. त्याईनंच सांगतलं."

"कधी? मी होतो की वर्गात!"

"होता तू. दुसऱ्याच्या वहीतून मागचं उतरवून राह्यलता."

मग त्याने मला ती गोष्ट सांगितली जी वर्गात कुणाच्याही लक्षात आली नव्हती. अधूनमधून सरांचा चष्मा घरी राहायचा. त्या दिवशी कागद वाचता येत नसत, म्हणून सरांना नाइलाजाने शिकवावं लागे. सर खिडकीतून बाहेर पाहत, बाजारातल्या वांग्यांचं, घरमालकाचं, साल्याचं काहीबाही बोलत. वर्ग म्हणायचा, आज सुट्टी! आणि तिसऱ्या बाकावर टोपण निघायचं.

"बांधीत पाणी किती ठेवते? रोप उभं राह्यलं पाह्यजे इतकं," तो म्हणाला. "तुमी तं रोप बुडवून टाकलं."

हे मी हँडबिलात घेतलं नाही. मला तेव्हा वाटलं, यात जोर नाही.

परीक्षेचे फॉर्म निघाले आणि सरांनी जाहीर केलं, "जिसके नोट्स पूरे, उसी के फॉर्म पर हस्ताक्षर." सर वही तपासणार, मगच सही. आता झाली पंचाईत. त्याच्या पापडावर कोण सही करणार? सही नाही तर फॉर्म नाही, फॉर्म नाही तर परीक्षा नाही, आणि बाप तर धुऱ्यावर काठी घेऊन उभा.

मी पेटलो. हा एका मुलाचा प्रश्न नव्हता, हा घोकंपट्टीच्या राज्याचा प्रश्न होता! रातोरात मजकूर लिहिला आणि छापायला दिला. बालाघाटातला छापखाना हिंदी. त्यांच्या छपाईच्या खिळ्यांमध्ये 'ळ' नव्हता. प्रेसवाल्याने मला न विचारता जिथे तिथे 'ल' बसवला. दुसऱ्या दिवशी गावभर माझं हँडबिल फिरलं: 'विद्यार्थ्यांची चलवल! डोले उघडा! वेल आली आहे!' मराठी वाचणाऱ्या बायका विचारू लागल्या, कसली वेल? भोपळ्याची का? एकीने तर बी मागितलं.

त्याने हँडबिल नीट वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं.

"मले काहून मधात ओढलं, लीडर? आता सर चिडन ना."

"अन्याय सहन करणारा अन्याय करणाऱ्याइतकाच..."

"हौ हौ. पण सर चिडन."

सर चिडले नाहीत. त्यांनी हँडबिल चष्मा लावून वाचलं आणि 'चलवल' हा शब्द कोशात शोधला म्हणे.

मग आम्ही सायकल स्टँडमागे गुप्त सभा घेतली. ठराव असा की चष्मा ताब्यात घ्यावा. चष्मा नसेल तर वह्या तपासता येणार नाहीत, आणि अन्यायाचं यंत्र बंद पडेल. कोणी घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली. प्रत्येकाने दुसऱ्याचं धैर्य वाखाणलं. पीडित म्हणून त्यालाही बोलावलं होतं. तो भिंतीला टेकून शेंगा खात होता.

"चोरता कायले?" तो म्हणाला.

"चोरी नव्हे! ताबा!"

"मांगून पाह्यतो ना मी."

आम्ही इतके हसलो की सभा तिथेच संपली.

तपासणीचा दिवस आला. टेबलावर वह्यांची भिंत, मागे सर. सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसायला घेतला. हा उठला आणि टेबलाशी जाऊन हात पुढे केला.

"सर, चश्मा दो ना थोडा."

"क्यों?"

"चश्मा रहा तो आपको कागज दिखता सर. नहीं रहा तो हम लोग दिखते."

मी मोठमोठ्या मोर्चांत घोषणा दिल्या आहेत, पण इतकी शांतता कधी ऐकली नाही. सरांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मार्कांशिवाय त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नसावं. त्यांनी चष्मा दिला. याने तो खिशात ठेवला आणि वरून बटण लावलं.

"अब मैं जाँचूँ कैसे?" सरांनी विचारलं.

"हम पढ़के सुनाते ना सर."

पहिला नंबर माझा. मी नेता, मी ठणठणीत आवाजात वाचू लागलो. "उत्पादन के चार साधन हैं. भूमि, श्रम, पूंजी और पीछे कौन हँस रहा है."

"क्या?" सर म्हणाले.

मी पुन्हा पाहिलं. तसंच लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात, खाली रेघ मारून. माझं म्हणणं आजही तेच आहे की सांगितलं गेलं म्हणून मी लिहिलं. शेजारच्याने मदतीला आपली वही उघडली. त्याच्यात चौथं साधन तेच होतं. त्याच्या मागच्याच्याही. त्याने तर साधनांत पाचवं 'पंखा बंद करो' घातलं होतं. सर कपाळाला हात लावून बसले.

"तुम पढ़ो," ते त्याला म्हणाले.

त्याने पापड उघडला. वाचायला लागला आणि मोडक्या हिंदीत उलगडून सांगायला लागला. वांगी, घरमालक, आणि मग साला. साला शब्द आला तसा वर्ग श्वास धरून बसला. कारण सरांचा साला गावात होता, आणि पुन्हा आलेला होता.

"पहले दिन आनंद. दूसरे दिन कम. आठवें दिन आनंद उल्टा..."

"यह मैंने कब कहा?"

"चश्मा घर पे रहा था, उस दिन."

सर खिडकीतून बाहेर पाहू लागले. त्याचा चेहरा पडला. पायाच्या अंगठ्याने तो फरशी उकरू लागला. गेलं, रोवणा गेला, असं त्या पायाकडे पाहून मला वाटलं. निषेधाचं एकही वाक्य सुचेना.

"आठवें नहीं," सर हळूच म्हणाले. "छठे दिन."

त्याने टोपण काढलं आणि तिथेच आठाचा सहा केला.

मग सरांनी फॉर्म मागितला. त्यांना रेघ दिसत नव्हती. "कहाँ करूँ?" याने जागेवर बोट ठेवलं. "ये उँगली है न सर, उसके बाजू में." सही निम्मी फॉर्मवर आणि निम्मी त्याच्या नखावर झाली. तो बाकावर आला तेव्हा बोट उभं धरून आला. पुसलं गेलं तर फॉर्म रद्द होतो की काय, अशी भीती त्याला होती.

आम्हा सगळ्यांच्याच फॉर्मवर सह्या झाल्या, आणि मग त्याने खिशाचं बटण काढून चष्मा परत दिला. मी विजयाचं दुसरं हँडबिल काढलं. या वेळी 'ळ' असलेले सगळे शब्द गाळले, त्यामुळे 'चळवळ'च गेली. आणि दुसऱ्या दिवशी सर आले, चष्मा बसवला आणि म्हणाले, "लिखिए. नया परिच्छेद." पोरांनी माना खाली घातल्या! मी विचारतो, हीच का तरुण पिढी? पण ते असो.

निकाल कॉलेजच्या बोर्डावर लागला तेव्हा तो गावी होता. त्याचा नंबर थर्ड डिव्हिजनमध्ये. मीच सांगायला निघालो. रामपायलीपर्यंत बस, पुढे पायी, डोक्यात अभिनंदनाचं भाषण तयार.

तो ओट्यावर बसला होता. शर्ट खोचलेला, नवी पँट, केस विंचरलेले. समोर बांध्यांमध्ये रोवणा चालू. त्याने मला पाहिलं आणि उठलाही नाही, दोन्ही हातांनी ओट्याची कड धरली. बाप पलीकडच्या टोकाला.

"काय लागलं?" बापाने विचारलं.

"पास आहे, काका. थर्ड डिव्हिजन."

"म्हंजे बीए झाला?"

"हौ. झाला."

बापाने पोराकडे पाहिलं. काही तरी मोठं बोलावं असं त्याच्या मनात असावं. ओठ हलले, पण आलं इतकंच, "जाय मंग."

तो उठला. चपला तिथेच राहिल्या. अंगण ओलांडून धुऱ्यावर गेला आणि थांबला नाही, तसाच चिखलात उतरला. आत आईला चाहूल लागली. ती दारात येऊन ओरडली, "पँट काढ रे, मेल्या! नवी आहे!" त्याला ऐकू गेलं नाही. मी धुऱ्यापर्यंत धावलो आणि जमेल तितक्या मोठ्याने भाषण सुरू केलं. "मित्रा! आजचा हा विजय केवळ तुझा नसून..."

वारा उलटा होता. बांधीत बायांची ओळ वाकलेली होती, हात चाललेले, गाणं चाललेलं. तो त्या ओळीत जाऊन वाकला. मी बराच वेळ उभा होतो, पण त्या पाठींतली त्याची कोणती, ते मला पुन्हा ओळखता आलं नाही.