माझ्या नावाला संत नव्हता

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको. पण माझ्या भांडखोरपणाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझं नाव. ते मी इथं लिहिणार नाही. संत सोडले तर कुणाचंच नाव लिहिणार नाही. एवढंच सांगते, की माझं नाव आईच्या माहेरच्या एका शेळीचं आहे.

हसा. सगळेच हसतात. आईचं माहेर सांगोल्याकडचं, शेळ्यामेंढ्या राखणारं घर. एका दुष्काळात घरातली सगळी जनावरं आटली, ती एक शेळी तेवढी आटली नाही, आणि पाच पोरं तिच्या दुधावर जगली. त्या पाचांतली एक आई. पुढं ती बाबांशी लग्न करून सोलापुरात आली. लग्नाआधी बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाली. पण मी जन्मले तेव्हा नावाचा हट्ट काही तिनं सोडला नाही. बाबांनी संतांच्या नावांची यादी करून ठेवली होती. प्रकरण चर्चमध्ये फादरांकडं गेलं. ते म्हणाले, नावात वाईट काही नाही, ठेवा. झालं. थोरल्या दादाला भारदस्त संताचं नाव आणि मला शेळीचं.

यात एवढं काय, असं वाटेल. त्यासाठी आमच्या घरातली सकाळ बघायला पाहिजे.

बाबा एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते. त्यांच्याकडं संतचरित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक संत. पुस्तकाची शिवण सुटली होती, म्हणून आईनं त्याला टॉवेलच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. आई घरी मशीनवर टॉवेलच्या कडा शिवून द्यायची, त्यामुळं आमच्याकडं मिक्सरपासून बायबलपर्यंत सगळ्यांच्या अंगावर टॉवेल. सकाळी सहाला बाबा स्वयंपाकघरात पाटावर बसायचे, मेणबत्ती लावायचे आणि त्या दिवसाचा संत मोठ्यानं वाचायचे. वाचन संपल्याशिवाय चहा गाळायचा नाही. पलीकडच्या कारखान्यात यंत्रमागांची खटखट चालू, तिच्यावर मात करायची म्हणून बाबा ओरडूनच वाचायचे. आमचे संत बहुतेक शेवटी मारलेच जायचे. शेजारची तेलुगू अक्का नळावर आईला विचारायची, "आज कोन मेला तुमच्या बुकात?"

बाबांची भक्ती म्हणजे नुसते हात जोडून बसणं नव्हे. कुणी संत घरदार सोडून गुहेत गेला, की ते वाचन थांबवून विचारायचे, "आणि म्हाताऱ्या आईबापाला कोण बघणार? ते नाही लिहिलं." हरवलेल्या वस्तू शोधून देणं हे संत अंतोनीचं काम. सायकलची किल्ली सापडेना, की अंतोनीचा फोटो भिंतीकडं तोंड करून उभा. किल्ली मिळाली की त्याला सरळ करून वर माफीही मागायचे.

आईला वाचता येत नव्हतं. संतांची नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत, चित्रं राहायची. संत रोख तिच्यासाठी 'कुत्र्यावाला', कारण चित्रात त्याच्या पायाशी तोंडात भाकरी धरलेलं कुत्रं. पेत्र म्हणजे 'किल्ल्यावाला'. लुसी म्हणजे 'ताटात डोळं घेतल्याली बाई'. मशीन चालवता चालवता ती त्यांच्याशी गावच्या माणसांशी बोलावं तसं बोलायची. "किल्ल्यावाल्या, दार उगडं ठिव की रं. आमी येतोय सावकाश."

आता कायद्याचं सांगते. ज्याच्या नावाच्या संताचा सण, त्याचा आमच्या घरात त्या दिवशी थाट. त्यानं कामाला हात लावायचा नाही. पहिला चहा त्याला. आणि मुख्य म्हणजे, त्यानं एक मागणं मागायचं आणि घरानं त्याला नाही म्हणायचं नाही. वर्षाला एकच मागणं. हा कायदा बाबांच्या वडिलांपासून चालत आलेला, आणि बाबा तो काटेकोर पाळायचे. दादाचा सण मार्चमध्ये. त्या जोरावर त्यानं बॅट मिळवली, बूट मिळवले, पुढं जुनी का होईना पण मोटारसायकल मिळवली. बाबांचा सण जूनमध्ये. त्यांची मागणी आम्हाला उद्देशून असायची. मी बारावी झाले त्या जूनमध्ये त्यांनी मागितलं, की सकाळी संत वाचताना कुणी मोबाईल हातात घ्यायचा नाही. दादाचा चेहरा पडला, पण दिलं.

माझा सणच नाही, तर मागणं कुठलं? ते पुस्तक मी जानेवारी ते डिसेंबर तीनदा उलटसुलट चाळलं. राजकन्या होत्या, नन होत्या, एक तर आधी दरोडेखोर होता. माझ्या नावाचं कुणी नाही. लहानपणी मी यावरून रडून घर डोक्यावर घ्यायची. बाबा समजूत काढायचे, "अगं, तू वर्षभर मागतच असतेस की." याचा मला फार राग यायचा, कारण वर्षभर मागितलेल्याला नाही म्हणता येतं.

आणि त्या वर्षी बाबा नाहीच म्हणाले. मिरजेच्या एका नर्सिंग कॉलेजात माझं नाव लागलं होतं. फॉर्म दादानं भरला होता, मार्क माझे होते, पत्र आलं होतं, त्यावर बाबांची सही तेवढी हवी होती. बाबांनी पत्र वाचलं, घडी घालून परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "नर्सिंग नाही. दुसरं काहीही शीक."

मला वाटलं, मुलगी परगावी नको, असलं काहीतरी असेल. तसं नव्हतं. ते म्हणाले, "मी रोज बघतो. पेशंटचे नातेवाईक सिस्टरच्या अंगावर धावून जातात. डॉक्टरचा राग तिच्यावर, पेशंटचा राग तिच्यावर. माझ्या पोरीला कुणी असं बोललेलं मला चालणार नाही." मी म्हटलं, "मला बोलणारा अजून जन्माला यायचाय." ते म्हणाले, "म्हणूनच नको."

आठवडाभर मी रडले, भांडले, अबोला धरला. काही डाळ शिजली नाही. बाबा ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर बरं, मला भांडता तरी आलं असतं. दादा म्हणाला, "माझं मागणं तुला देऊन टाकतो, पण मार्चपर्यंत थांबशील का?" कॉलेज मार्चपर्यंत थांबणार होतं थोडंच. चार दिवसांत हजर झालं नाही, तर जागा जाणार होती. मला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. बाबांचा डबा द्यायला मी लहानपणापासून त्या हॉस्पिटलात जायची, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या त्या बायका भराभरा चालत गेल्या, की मी डबा हातात धरून बघतच राहायची.

अशात नोव्हेंबरची एक तारीख उजाडली. सकल संतांचा सण. बाबांनी मेणबत्ती लावली. मी कोपऱ्यात तोंड फुगवून बसले होते, दादा जांभया देत होता, आईनं गॅसवर आधण ठेवलं होतं. बाबा वाचायला लागले. हेच पान ते दरवर्षी वाचायचे, आणि दरवर्षी ते माझ्या एका कानातून जाऊन दुसऱ्यातून निघायचं. त्या दिवशी ते आत राहिलं. पानात असं होतं, की आजचा सण मोठमोठ्या संतांचा तर आहेच, पण ज्यांची नावं कुणी कुठं लिहून ठेवली नाहीत, ज्यांना वेगळा दिवस मिळाला नाही, अशा सगळ्या संतांचाही आहे.

"थांबा," मी म्हणाले.

संत वाचताना आजवर कुणी बाबांना थांबवलं नव्हतं. दादाची जांभई अर्ध्यात राहिली.

"परत वाचा ते."

बाबांनी परत वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज जरा उतरला, कारण मी काय करणार ते त्यांच्या लक्षात आलं.

"मग आज माझा सण," मी म्हणाले. "माझ्या नावाचा संत पुस्तकात नाही, म्हणजे तो लिहून न ठेवलेल्यांत आहे. मला मागणं मागायचंय. मला मिरजेला पाठवा."

बाबांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, परत घातला. वेळ काढत होते. मग म्हणाले, "सकल संत म्हणजे सगळेच आले. माझाही आला. म्हणजे आज माझाही सण. मग माझं मागणं असं, की तू जायचं नाही."

मला ब्रह्मांड आठवलं. कायद्यानं दोघांनाही नाही म्हणता येत नव्हतं. दादानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाबांकडं. मी रडायच्या बेतात होते, तेवढ्यात आईनं गॅस बंद केला. वाचन चालू असताना तिनं गॅस बंद केलेला मी कधी बघितला नव्हता.

"तुमचं जूनमदीच झालं की," ती म्हणाली. "मोबाईलचं. वर्साला एकच."

बाबा म्हणाले, "बरं, माझं गेलं. पण शेळीच्या नावाचा संत असतो का कुठं?"

"ज्यांची नावं लिवलीच न्हाईत, त्यात कोण हाय आन् कोण न्हाय, हे तुमाला कसं ठावं?"

दादा खुदकन हसला. बाबांना हसू येत होतं, पण त्यांनी ते दाबलं. पुस्तक मिटून त्यावर हात ठेवून बसले. "वाद घालू नकोस," ते म्हणाले. "पोरीच्या काळजीनंच म्हणतोय ना मी?"

"तिचं सोडा मग. तिचं धरू नका." आई गॅसपासून येऊन आमच्या रांगेत खाली बसली. "माजं धरा. माज्या नावाचा तरी संत कुटं हाय तुमच्या बुकात? बावीस वर्सं झाली ह्या घरात येऊन. तुमचा सण केला, पोराचा केला, सासऱ्याचा केला. मी एकदाबी काय मागितलं न्हाय. आज मागते. पोरीला जाऊ द्या."

आईचं नाव तिच्या गावच्या देवीचं. बाप्तिस्म्यातही तिनं ते बदललं नव्हतं. मी अठरा वर्षं माझ्या सणावाचून रडत होते, पुस्तक चाळत होते, आणि याच घरात आणखी एका बाईला सण नाही, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिला पहिला चहा कुणी कधी दिला नव्हता, कारण चहा तीच करायची. मला फार लाज वाटली. शेळीच्या नावाची कधी वाटली नव्हती एवढी वाटली.

बाबांनी पुस्तक बाजूला सारलं आणि मला म्हणाले, "ते पत्र आण. कुठं सही करायची ते दाखव." सही झाल्यावर म्हणाले, "कुणी आवाज चढवला, तर ऐकून घ्यायचं नाही." मी म्हटलं, "बाबा, ते मला शिकवायची गरज नाही." या वेळी मात्र ते हसले, डोळे पुसत हसले.

मी मिरजेला गेले. शिकले, पांढरा ड्रेस घातला, आणि आता सोलापुरातच एका हॉस्पिटलात मोठ्या वॉर्डची इनचार्ज आहे. माझ्या वॉर्डात सिस्टरवर कुणी धावून येत नाही. आला, तर मधे मी असते, आणि माझ्याशी भांडणं सोपं नाही हे आता लिफ्टमनलाही माहीत आहे. बाबा रिटायर व्हायच्या आधी एकदा माझ्या वॉर्डाच्या दारात येऊन नुसतेच उभे राहिले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, काही नाही, चालू दे तुझं.

पण त्या सकाळचं थोडं सांगायचं राहिलं. सही झाली, दादानं मला पाठीत धपाटा घातला, मी आईच्या गळ्यात पडले. मी म्हटलं, "आई, तुझं पहिलंवहिलं मागणं माझ्यावर गेलं. आणि इतकी वर्षं का नाही मागितलंस गं?"

"कुणी इचारलंच न्हाय," ती म्हणाली. "पर तुला तरी कुणी इचारलं हुतं? तू वढूनच घेतलास की सण. तसा बी घेता येतोय, हे आजच कळलं मला."

एवढं बोलून तिनं भिंतीला पाठ टेकली, पाय लांब सोडले, आणि आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघून म्हणाली, "आता फुडच्या वर्सी काय मागायचं ते मी बगते. आजच्या भाकरी कुणी थापायच्या, ते तुमी तिगं ठरवा."