लाल मेंढी, हिरवी मेंढी

मंडळी, सकाळपासून डोकं चालेनासं झालंय.

आज चुडाव्याजवळ मेंढ्यांना लस टोचायचं शिबिर होतं. पोस्टर मीच केलेलं. लस झालेल्या मेंढ्या हिरव्या, राहिलेल्या लाल. अक्षर वाचायचीसुद्धा गरज नाही, म्हणून मी खुशीत.

इकडं कळप एकमेकांत मिसळले तरी ओळखू यावेत म्हणून मेंढरांच्या पाठीवर ज्याचा त्याचा रंग लावतात. पहिल्या आल्या गंगूबाई. त्यांचा रंग लाल. पोस्टर बघून भडकल्याच.

"आमच्याच मेंढरायला नावं कामून ठेवायलाव?"

मी समजावेपर्यंत कळप हाकून गेल्यासुद्धा.

मग मारोतीमामा. त्यांचा रंग हिरवा. ते लय खूश. "म्हंजे आमच्या मेंढरायला गरज न्हाई!" म्हणाले, अन् तेही परत फिरले.

एक चिडून गेल्या, एक हसत गेले. लस कुणाच्याच मेंढरांना नाही.

डॉक्टर म्हणतात, पोस्टर झकास आहे. मलाही चूक सापडेना. चित्र तर दोघांना एका नजरेत कळलं होतं! चांगलं चित्र अजून वेगळं काय असतं?

उद्या सेलूला शिबिर आहे. निळा रंग घेऊ का, असं आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, तर म्हणतो, "निळा आमच्या सेलूच्या मामाचा हाय."

आता तुम्हीच सांगा, उद्याची मेंढी कोणत्या रंगात काढू?